साक्षीदारावरची टोपी

राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या गर्दीत दिवाळी अंक काढणारे सर भेटले. म्हणाले, "बापू, यंदा दिवाळी अंकात तुम्ही लिहायचं. गुत्तेदारीत क्लेम का होतात आन ते कसे टाळायचे, ह्यावर. एवढी वर्षं कामं केली तुम्ही, नाव राखलं. नव्या लोकांना उपयोग होईल."

मी तिसरी शिकलेला माणूस. लिहा असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. छाती फुगली. लगेच हो म्हणालो, नारळ फोडला आन घरी आलो. घरी आल्यावर ते "नाव राखलं" पचेना. दोन महिने पेनाला हात लावला नाही. सरांचा फोन आला की बायकोला सांगायचो, शेतात गेलेत म्हण.

आता लिहितोय. अक्षर माझं, वाक्यं माझी. काना-मात्रा बायकोनं तपासल्या, ती सातवी शिकलेली आहे. "मंग"चं "मग" मात्र मी तिला करू दिलं नाही. सर, छापायचं तर पूर्ण छापा. मधलं गाळून छापणार असाल तर माझे कागद मला परत द्या.

आमच्या भागात सरकारी कामाचा ठेका घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतात. रस्ता, मोरी, शाळेच्या खोल्या, पाझर तलाव, असली कामं. कुठं किती माती, किती खडक, किती सिमेंट आन किती महिने, ते ऑफिस आधीच कागदावर काढतं. आपण भाव भरायचा. काम लागलं की सही करायची. सही केली की त्या जाडजूड बाडातलं अक्षर न् अक्षर आपल्याला मान्य आहे असं होतं. मी आयुष्यात एकही टेंडर पूर्ण वाचलेलं नाही. वाचता येत नव्हतं असं नाही, पण एका पानाला मला तास लागायचा, आन साहेबासमोर ओळीवर बोट फिरवत वाचायची लाज वाटायची. म्हणून मी पानं उलटायचो, मान हलवायचो आन सही ठोकायचो. सही माझी फार दमदार. शाळा सोडल्यावर मी एकच गोष्ट गिरवली, ती सही.

पण जमिनीनं काही तो कागद वाचलेला नसतो. कागदावर मुरूम असतो, कुदळ मारली की पाषाण लागतो. कागदावर जागा मोकळी असते, जाऊन बघावं तर तिथं कुणाचा गोठा उभा. मंग काम वाढतं, दिवस वाढतात. गुत्तेदार म्हणतो, जादा झालं ते द्या. ऑफिस म्हणतं, कागद दाखवा. ह्या भांडणाला क्लेम म्हणतात. लोकांना वाटतं क्लेम म्हंजे गुत्तेदाराची लबाडी. मी पाहिलेले बहुतेक क्लेम खरे होते, आन बहुतेक हरले.

ते कसे हरतात ते सांगतो.

घनसावंगीकडं शाळेच्या दोन खोल्या बांधत होतो. हेडमास्तर आले, म्हणाले, "बापू, हिथं उतार हाय, पाणी वर्गात शिरंल. जोतं जरा उचला." ऑफिसचे इंजिनिअर साहेब बाजूलाच उभे होते, त्यांनी मान हलवली. मी दगडाचे दोन थर वाढवले. पोरांचे पाय कोरडे राहिले, ते बराबर झालं. पण हिशेबाच्या वेळी ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "हे दोन थर कुणी सांगितले?"

"हेडमास्तरांनी."

"टेंडर हेडमास्तरांनी काढल्तं का?"

साहेबांना विचारलं तर साहेब म्हणाले, मान? मान मी माशी हाकायला हलवली असंल.

दुसरं एक रस्त्याचं काम. रस्ता जिथून जायचा तिथं एका म्हातारीचा कापूस उभा. तिनं आखणीच्या मधोमध बाज टाकली आन वर बसली. म्हणाली, "शेवटची वेचणी होईस्तोवर मी हिथून हलत न्हाई, तुमच्या साहेबाला बोलवा न्हाईतर त्याच्या आज्जाला." मी काय करणार? खोटं कशाला सांगू, म्हातारी रास्त बोलत होती. मी रोज जायचो, बाजेच्या कडेला बसायचो, तिच्या हातचा चहा प्यायचो आन परत यायचो. त्यात मुदत सरली. ऑफिसनं मला उशिराचा दंड लावला. मी ओरडलो, "जागाच ताब्यात न्हवती!" तर म्हणाले, "तुम्ही आम्हाला कळवलं कधी? म्हातारीची बाज फाइलीत कुठंय?"

पहिल्या दिवशी तीन ओळींचं पत्र दिलं असतं, की अमुक शेतात पीक उभं आहे, काम सुरू करता येत नाही, मुदत वाढवून द्या, तर दंड बिलकुल लागला नसता. ते पत्र लिहायला बायको तयार होती. कागद घेऊन चुलीपुढं बसली होती. "तुम्ही सांगा, मी लिहिते. खाली सही तेवढी तुमची करा."

मी म्हणालो, "गुत्तेदारी बायकोच्या अक्षरात करू का?"

ती म्हणाली, "मंग दंड तुमच्या अक्षरात भरा."

तर नव्या लोकांसाठी जे सांगायचं ते इतकंच. साहेबानं तोंडी सांगितलेलं काम सुरू करायच्या आधी साइटवरच्या वहीत त्याच्याकडून लिहून घ्या. लिहीत नसेल तर त्याच दिवशी तुम्ही पत्र द्या, की आपण असं असं सांगितलं, त्याप्रमाणं करत आहे. जे झाकलं जाणार आहे ते झाकायच्या आधी मोजून घ्या, कारण मातीखालचा खडक आन मेलेला माणूस साक्षीला येत नाहीत. आन कुठलाही कागद दिला की पोच घ्या. पोच म्हंजे दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" असं लिहून घेतलेली सही. पोच नसलेला कागद दिला काय आन नाल्यात सोडला काय, सारखंच. ह्यातलं काही करायला पदवी लागत नाही. सातवी पुरते, ती माझ्या घरात होती.

इथं थांबलो असतो तर लेख बरा झाला असता आन सरांनी माझा फोटो छापला असता. पण खरी गोष्ट पुढं आहे.

भोकरदन तालुक्यातल्या एका गावात पाझर तलावाचं काम मला लागलं. तलावाच्या पाळीखाली, म्हंजे मातीच्या बांधाखाली, आधी एक लांब खंदक खोदतात आन त्यात काळी माती दाबून भरतात, म्हंजे साठलेलं पाणी खालून पळत नाही. ऑफिसच्या कागदावर खंदकात सगळा मुरूम होता. चाचणीचा खड्डा त्यांनी एका टोकाला घेतला आन बाकीची जमीन तशीच असणार असं धरलं. मधे खोदायला लागलो तर कमरेइतक्या खोलीवर काळा पाषाण, आन तो भेगांचा. तिथंच थांबून माती भरली असती तर पाणी भेगांतून निघून गेलं असतं. तेव्हाचे साहेब आले, वाकून पाहिलं आन म्हणाले, "बापू, थांबू नका. फोडा. खडकाचं जादा काम मी मंजूर करून आणतो. माझी जबान."

मी हात पुढं केला, त्यांनी टाळी दिली. सुरुंग लावले, पाषाण फोडला, काळी माती भरली. वर पाळ चढली. आन साहेबांची बदली झाली. खडक पाळीखाली गेला, जबान बदलीच्या गावाला गेली.

त्यांच्या जागी साळवे साहेब आले. सडपातळ माणूस, वय तिशीच्या आत, बदनापूरहून मोटारसायकलवर यायचे. त्यांच्या घराण्यातले पहिले इंजिनिअर. साइटवर कुणाचा चहा घ्यायचे नाहीत, स्वतःचा थर्मास आणायचे आन त्यातला अर्धा कप मला द्यायचे. मी त्यांना खडकाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बापू, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही ते एम.बी.त कसं लिहू?"

एम.बी. म्हंजे मोजमापाचं पुस्तक. त्यात इंजिनिअर काम मोजून लिहितो आन सही करतो. त्यात आलं तेवढंच काम झालं, बाकीचं झालंच नाही.

मी म्हणालो, "पाळ पाडून दाखवू का?"

"नका पाडू. इथून पुढं एक करा. रोज जे घडेल ते वहीत लिहा, मी रोज सही करत जाईन."

"म्हंजे माझ्या जबानीवर भरोसा न्हाई तुमचा?"

"आहे म्हणून तर लिहा म्हणतोय. उद्या माझी बदली झाली तर तुमचा भरोसा कुणापाशी राहील?"

इतकं सरळ बोलणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. आन मला राग आला. मी मनात म्हणालो, ज्याला पोर म्हणावं तो मला लिहायला सांगतोय. वही मी ऑफिसातून आणली आन पेटीत कोरी ठेवून दिली. ते दोनदा म्हणाले, तीनदा म्हणाले. मी दर वेळी म्हणालो, "बापूची जबान म्हंजे वहीच हाय." खडकाचा क्लेम मी वर टाकला, तो कागद नाही म्हणून परत आला. खर्चा सगळा माझ्या अंगावर पडला. तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा, हे भरून काढायचं.

आता साक्षीदार म्हंजे काय ते सांगतो. तलाव भरला की जादा पाणी ज्या वाटेनं बाहेर काढतात त्याला सांडवा म्हणतात. सांडव्याचा चर खोदताना मूळची जमीन नाहीशी होते. मंग किती खोल खोदलं ते कळणार कसं? म्हणून खोदताना मधे मधे मातीचे खांब न खोदता तसेच ठेवतात. खांबाच्या डोक्यावर मूळचं गवत असतं, तेवढी जमीन आधी उंच होती ह्याचा तो पुरावा. टेप लावून खांबाची उंची घेतली की खोली कळते. त्या खांबाला आम्ही साक्षीदार म्हणायचो. मोजणी आन वरच्या साहेबाची फेरतपासणी झाली की तो पाडून टाकायचा.

ह्या धंद्यात एक जुनी लबाडी आहे. खांबाच्या डोक्यावर वीतभर माती थापायची, पाणी शिंपडून चोपायची आन बांधावरचं गवत मुळासकट सोलून त्यावर बसवायचं. खांब वीतभर उंच, म्हंजे सगळा चर वीतभर जादा खोल. त्याला टोपी घालणं म्हणतात. दुसरे गुत्तेदार करायचे ते मला माहीत होतं. मी कधी केलं नव्हतं, आन केलं नाही हे चारचौघांत फार सांगायचो.

जेवणाच्या सुट्टीत बाया-माणसं झाडाखाली भाकरी खायला गेली, तेव्हा मी किसन मुकादमाला चरात नेलं. किसन मजुरांचा मुकादम, माझ्यासोबत पहिल्या कामापासून होता. सांगितलं तर तो फावडं टेकून उभा राहिला.

"बापू, ह्या साहेबाच्या टायमाला नको. ह्यो माणूस चांगला हाय."

"म्हणूनच," मी म्हणालो.

हा शब्द मी बोललो. तो किसनच्या तोंडी टाकता आला असता, कारण किसन आता नाही. पण तो माझाच आहे. किसननं गवत सोलून आणलं, माती मी माझ्या हातानं थापली. प्रत्येक खांबावर. काम म्हणून बघाल तर झकास झालं होतं.

मोजणीच्या दिवशी साळवे साहेबांनी मोटारसायकलवरून दुर्बिणीची पेटी उतरवली. तिला लेव्हल म्हणतात, तिच्यातून बघितलं की कुठली जागा किती उंच ते कळतं. काम सुरू व्हायच्या आधी मूळ जमिनीच्या उंच्या अशाच घेऊन ऑफिसच्या वहीत लिहून ठेवलेल्या असतात. ती वहीही त्यांनी आणली होती. तिपाई उभी केली, पेटीचं कुलूप काढून दुर्बीण हातात घेतली. मी भ्यालो. आन भ्यालो की मी आवाज चढवतो, हा माझा जन्माचा स्वभाव.

"लावा साहेब, लावा! सगळ्या जालना जिल्ह्यात बापूच्या साक्षीदारावर आजवर कुणी दुर्बीण लावली न्हाई, तुम्ही लावा! मजुरांना बोलावतो, त्यांच्यासमोर लावा. पण मंग उद्यापासून मी साइटवर येत न्हाई. खडक गेला माझा, आता इज्जत बी घ्या."

त्यांनी वही मिटली. मंग हळूच म्हणाले, "खडकाचं तुमचं काम माझ्या हातून झालं नाही, बापू. ते मला टोचतं."

त्यांनी दुर्बीण परत पेटीत ठेवली. कुलूप लावल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. टेप घेतला, एकेक खांब मोजला आन एम.बी.त आकडे लिहिले. अक्षर मोत्यासारखं. खाली सही केली. आन थर्मासातला अर्धा कप मला दिला. मी तो प्यायलो.

काही दिवसांनी डेप्युटी साहेब फेरतपासणीला आले. हे साळव्यांच्या वरचे. चरात उतरले आन उभ्या उभ्याच विचारलं, "सगळीकडं गवत हिरवं, ह्या खांबांवरचंच पिवळं कसं?" बुटाची टाच मारली. भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी टोपी सुटून खाली पडली. त्यांनी दुर्बीण लावायला सांगितली, वही उघडली. एकेक खांब वीतभर वर आला.

"काय हो साळवे, तुमच्याकडं जमीन वाढते वाटतं?"

साळवे साहेबांनी डेप्युटीकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, वाट बघत असल्यासारखं. की मी आता काहीतरी बोलेन. माझ्या हातात कामाचे कागद होते. मी ते वाचायला लागलो. मान खाली घालून, पानं उलटत. आयुष्यभर जे सोंग केलं तेच.

साहेब सस्पेंड झाले. गुत्तेदाराला सामील होऊन खोटं मोजमाप लिहिलं, असा आरोप. मला भ्या होतं ते माझ्या गुत्तेदारीच्या नोंदणीचं, टोपी मी घातली म्हणालो असतो तर काळ्या यादीत गेलो असतो, पुन्हा काम मिळालं नसतं. गावात पाराच्या ओट्यावर चर्चा झाली. लोक टोपीवर बोलले नाहीत, साळव्यांच्या जातीवर गेले. एक जण म्हणाला, "ह्या लोकांच्या हाती कारभार दिल्यावर दुसरं काय व्हणार!" बाकीचे हसले. त्या ओट्यावर खरं माहीत असलेला एकच माणूस होता आन तो बशीतला चहा फुंकत बसला होता. पारावरच्या लोकांतलाच एक. मी.

चौकशीच्या अधिकाऱ्यानं मला बोलावलं.

"खांबांवर माती कुणी टाकली?"

"माहीत न्हाई साहेब. मजुरांनी टाकली असंल."

"इंजिनिअरनी लेव्हल का लावली नाही?"

"माहीत न्हाई."

"तुम्ही हजर होता ना?"

"मी कमी शिकलेला माणूस साहेब. मोजणारे ते. मला त्यातलं काय कळतंय?"

बघा, जे आयुष्यभर झाकलं ते अडाणीपण मी त्या दिवशी आपण होऊन पुढं केलं. पाठ केल्यासारखं. त्यांनी जबाब लिहिला, मी न वाचता सही ठोकली. दमदार.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय सांगितलं. मी सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मंग म्हणाली, "पत्र माझ्या अक्षरात नको होतं तुम्हाला. आजची सही कुणाच्या अक्षरात केली?"

त्यावर मी तिच्यावर ओरडलो. तेही लिहून ठेवतो.

माझ्या बिलातून वीतभर कापलं गेलं, एक ताकीद मिळाली आन मी सुटलो. पुढं कितीतरी कामं केली. साळवे साहेब काही वर्षांनी परत कामावर घेतले गेले, पण त्यांच्या सेवापुस्तकात ठपका राहिला. ज्या हुद्द्यावर माझ्या साइटवर आले होते त्याच हुद्द्यावर रिटायर झाले. मधे दोन-तीनदा जालन्याच्या बसस्टँडवर दिसले. मी तोंड चुकवून बसच्या मागं लपलो.

क्लेम का होतात, ह्यावर सरांना उत्तर हवं होतं. माझं उत्तर असं, की माझ्या खऱ्या खडकाला कागद नव्हता आन खोट्या टोपीला एम.बी.तली सही होती. पहिल्याला कारण माझा ताठा आन दुसऱ्यालाही तोच. मी लिहायला लाजलो नसतो तर खडकाचं मला मिळालं असतं. खडकाचं मिळालं असतं तर टोपी घातली नसती. निदान मी स्वतःला तसं सांगतो. खरं काय ते गणपतीला ठाऊक.

हे इथवर लिहून झाल्यावर मला पुढं लिहवेना. मंग गेलो बदनापूरला. साळव्यांचं घर स्टेशनच्या बाजूला आहे, विचारत विचारत गेलो. ते ओसरीत पेपर वाचत होते. केस सगळे गेलेले, पण सडपातळ तसेच.

"ओळखलं का साहेब?"

"बापू, तुम्हाला न ओळखून कसं चालेल? या."

पाणी दिलं, चहा सांगितला. मी चहा यायच्या आधीच बोलून टाकलं, कारण चहा पिऊन बोलायची हिंमत नव्हती. टोपी मी घातली. दुर्बीण तुम्ही काढली होती, मी ठेवायला लावली. चौकशीत खोटं बोललो. सगळं सांगितलं आन हात जोडले. मला वाटलं ते चिडतील, नाहीतर म्हणतील, जाऊ द्या बापू, जुनं झालं. दोन्हींची मी तयारी करून गेल्तो.

ते म्हणाले, "हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मला कळून उपयोग काय? फाइलीला माहीत नाही."

मी जोडलेले हात खाली घेतले.

"माझी मुलगी आमच्याच खात्यात लागली. इंजिनिअर आहे. परवा तिला एकानं विचारलं, टोपीवाल्या साळव्यांची तूच का." चष्मा काढून पुसला. "बापू, तोंडी नको. लिहून द्या."

"साहेब, मला नीट लिहिता येत न्हाई."

"येईल. सहीची तुम्हाला कधी अडचण पडली नाही."

चहा आला. ह्या खेपेला पूर्ण कप होता. तो मला गेला नाही.

घरी येऊन लिहायला बसलो. एक पान लिहायला चार दिवस गेले. बायको कडेला येऊन उभी राहिली. "मी लिहू का?"

"न्हाई."

"बरं. फक्त 'माहीत न्हाई' कुठं लिहू नका म्हंजे झालं."

लिहिलं ते असं: सांडव्याच्या चरातल्या सगळ्या साक्षीदारांवर टोपी मी माझ्या हातानं घातली. साळवे साहेबांना ते माहीत नव्हतं. त्यांनी मोजायला दुर्बीण काढली होती, मी भांडून ती परत ठेवायला लावली. चौकशीत मी माहीत नाही म्हणालो ते खोटं आहे. त्यांचा ह्यात काही दोष नाही. हे मी माझ्या अक्षरात लिहून देत आहे. खाली सही. ह्या खेपेला आधी वाचलं, ओळीवर बोट फिरवत, आन मंग केली.

दोन प्रती केल्या आन परत बदनापूरला गेलो. साळवे साहेबांनी उभ्यानंच वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. पत्राची घडी घालून खिशात ठेवली. दुसरी प्रत माझ्या हातातून मागून घेतली, भिंतीला टेकवली, खिशातलं पेन काढलं आन कोपऱ्यात लिहिलं, "मिळाले." खाली तारीख, खाली सही. अक्षर अजून मोत्यासारखं.

पोच माझ्या हातात दिली आन आत गेले.

एवढ्या वर्षांच्या गुत्तेदारीत मागितल्याशिवाय मिळालेली ती पहिली पोच. देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आहे. बायकोला मी ती दोनदा वाचायला लावली, म्हटलं आणखी काही लिहिलंय का बघ. माफ केलं, असं त्यात कुठं नाही. मिळाले, एवढंच आहे.